सासूबाईंच्या साहेबाचं पोट

लोकांचं आपल्या सोफ्यावर प्रेम असतं, कारण त्यांनी तो आतून कधी पाहिलेला नसतो. शीकाकांनी उभा जन्म तोच पाहिला. बसून बसून खड्डा पडलेले सोफे, लंगड्या खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, दवाखान्यातली बाकं, सगळं दुरुस्तीला त्यांच्या दुकानात यायचं. पक्कड घेऊन जुनं कापड उचकटलं की आतून माणसं बाहेर पडायची. म्हणजे त्यांची कापलेली नखं, केसांचे गुंतवळे, अर्धवट चोखून टाकलेल्या गोळ्या, त्या गोळ्यांना चिकटून वाळलेली झुरळं. एकदा एका मोठ्या अब्रूदार वकिलाच्या सोफ्यातून वरच्या दातांची अख्खी कवळी निघाली. काकांनी फोन करून विचारलं, तर वकीलसाहेब आनंदाने म्हणाले, "सापडली का! धुऊन ठेवा, संध्याकाळी माणूस पाठवतो."

"धुऊन ठेवा म्हणे!" हा किस्सा सांगताना काकांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. "म्हणजे घालणार परत तोंडात!"

कुठलाही सोफा उघडला की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "शी!" आणि तोही असा खणखणीत, की पलीकडच्या किल्लीवाल्याच्या हातातली कानस थांबायची. गल्लीतल्या पोरांनी त्यावरूनच त्यांचं शीकाका हे नाव पाडलं, आणि ते इतकं चिकटलं की पुढे गिऱ्हाईकंसुद्धा "शीकाका आहेत का?" असंच विचारत यायची. बायकोला आपोआप काकू व्हावं लागलं.

मुळात या माणसाला जन्मजात किळस फार. लहानपणी दुधावर सायीचा तुकडा तरंगताना दिसला की याचे डोळे पांढरे व्हायचे. मोठेपणी दुसऱ्याच्या कंगव्याकडे बघवत नसे. समोरचा माणूस जेवायला लागला की काका नजर स्वतःच्या ताटात रोवून ठेवायचे, कारण दुसऱ्याच्या तोंडात घास फिरताना पाहिला की त्यांच्या पोटात ढवळायचं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी काकूंना जेवताना धड पाहिलं नव्हतं. अशा माणसाने हा धंदा का धरला, असं कुणी विचारलं, तर ते म्हणायचे, "वडिलांचा होता. आणि ज्याला घाण दिसत नाही, तो ती काढणार कशी?" हातात रबरी मोजे, नाकाला फडकं आणि काम झालं की साबणाने हात धुणं. धुऊन धुऊन बोटांना भेगा पडायच्या. पण त्यांच्या हातून गेलेल्या सोफ्यात आदल्या मालकाचा एक केस सापडायचा नाही.

खाली दुकान आणि वर दोन खोल्या, असं त्यांचं घर. दोघांचा संसार कसा आरशासारखा लख्ख. त्या आरशावर एके दिवशी सासूबाई आल्या, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा साहेब.

सासूबाई म्हणजे काकूंची आई. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी आयुष्यभर शेकडो माणसांचा स्वयंपाक केला, आणि त्या भट्ट्यांपुढे उभं राहून राहून गुडघे घालवून बसल्या. एकट्या राहत होत्या. घरात पाय घसरून पडल्या, तेव्हा त्यांना कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आला. मुलगा परगावी मोठ्या घरात राहायचा. तो म्हणाला, "आई ये, पण कुत्रं नको. आमच्याकडे गालिचे आहेत." सासूबाई म्हणाल्या, "मग तू तुझ्या गालिच्यांपाशी बस." आणि त्या लेकीकडे आल्या.

साहेब म्हणजे तपकिरी रंगाचा, एक कान मोडका असलेला, सासूबाईंसारखाच गुडघे धरलेला म्हातारा कुत्रा. छाती काढून, कुणाकडे न बघता चालायचा, म्हणून सासूबाईंनी ते नाव ठेवलेलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची एक तार कायम लोंबत असायची. ती कधी लांब व्हायची, कधी आखूड, पण तुटायची नाही. काका त्या तारेकडे भारल्यासारखे बघत राहायचे. बघायचं नसायचं, तरी बघायचे.

"अगं, ते टपकतंय बघ," ते काकूंना म्हणायचे.

"मग पुसा."

"मी?"

"नाही तर मग बघू नका."

पण न बघणं त्यांना जमत असतं, तर आणखी काय हवं होतं!

सासूबाईंना जिना उतरवत नव्हता, आणि काकू सकाळी शिवणाच्या कारखान्यात कामाला जायच्या. तेव्हा साहेबाला सकाळ-संध्याकाळ बाहेर नेण्याचं काम काकांच्या गळ्यात आलं. दुकानाच्या मागे एका भिंतीकडेला गवताची पट्टी होती. गल्लीतली झाडून सारी कुत्री त्या भिंतीपाशी पाय वर करायची. साहेब तिथे जायचा, छान हुंगायचा, आणि नेमकं तेच गवत गाईसारखं चरायला लागायचा.

"शी! अरे, शी!" काका पट्टा ओढायचे. "त्यावर काय काय आहे, कळतं का तुला?"

साहेबाला सगळं कळत असावं, पण फिकीर नव्हती. मिटल्या डोळ्यांनी तो कराकरा गवत चावायचा. मग घराच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आला की त्याची पाठ कमानीसारखी व्हायची, बरगड्या भात्यासारख्या हलायच्या, घशातून 'हुक्क, हुक्क' असा आवाज यायचा, आणि हिरवा, फेसाळ, गरम ढीग बदकन पायरीवर पडायचा. त्यात गवताची पाती जशीच्या तशी उभी. पहिल्यांदा हे झालं तेव्हा काकांनी कठडा धरला आणि त्यांच्याही घशातून तसाच आवाज आला. खालून किल्लीवाल्याने विचारलं, "काका, दोघांपैकी कोण?"

वर सासूबाई निवांत होत्या. "त्यात काय एवढं, जावईबापू? कुत्री खातातच गवत. पोट जड झालं की खातात आणि मोकळी होतात. माणसांना एवढी अक्कल असती तर बरं झालं असतं."

किल्लीवाल्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणे, पोटात जंत झालेत. कोपऱ्यावरची फुलवाली म्हणे, हवा बदलणार असली की कुत्री गवत खातात. हवा काही बदलली नाही. ओकणं मात्र वाढत गेलं. किल्लीवाल्याला तर चेष्टेला विषयच मिळाला. "चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या," तो म्हणायचा, "तुमच्या साहेबाच्या मात्र नुसत्याच उलट्या."

पुसायचं काम काकांचंच. एका हातात बादली, नाकाला फडकं, डोळे बारीक केलेले. गंमत अशी, की ज्याला किळस येते, तोच नीट बघतो. सासूबाईंचं साहेबावर जिवापाड प्रेम, पण त्याने काय ओकलं हे त्यांनी कधी पाहिलं नाही. काकूंनी पाहिलं असतं तर पुसून विसरून गेल्या असत्या. काका मात्र प्रत्येक ढिगाचा रंग, वास आणि घट्टपणा डोक्यात घेऊन फिरायचे. चहाच्या वेळी त्यांना सांगितल्याशिवाय राहवायचं नाही.

"आज पिवळं होतं. गवत कमी. आणि वर असा तेलाचा तवंग..."

"अहो, हातात चहा आहे माझ्या!"

"मी फक्त सांगतोय."

"नका ना सांगू!"

हळूहळू साहेब हपापल्यासारखा गवत खायला लागला. मातीसकट, मुळांसकट. घरात पायपुसणं होतं, त्याचे धागे त्याने ओढून खाल्ले. दिवसभर आपलं पोट फरशीला चिकटवून पडायचा. घरात एक आंबट, कुजकट वास भरून राहिला. काका फिनेलने फरशी पुसायचे, खिडक्या सताड उघडायचे, आणि पुसता पुसता त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू. "शी! काय पाप केलं होतं मी! घर आहे की उकिरडा! जगतो कशाला असा प्राणी, दुसऱ्याच्या डोक्यावर घाण करायला?" हे सगळं मोठ्याने. सासूबाईंच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं असायचं. आतून काही उत्तर यायचं नाही. एरवी एका शब्दाला दोन शब्द परत करणारी बाई अलीकडे गप्प असते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

एका दिवशी तर कहर झाला. बाथरूमच्या दाराशी, अगदी उंबऱ्यावर, चॉकलेटी रंगाची उलटी पडलेली. चहाचा चोथा पाण्यात कालवावा तशी, दाणेदार. वास असा, की फडक्यातून आरपार. काकांनी ती पुसली आणि पुसताना साहेबाला असं काही फैलावर घेतलं, की तो पलंगाखाली जाऊन बसला. "हे घर सोडून जा कुठेतरी आणि मर!" असंसुद्धा ते बोलून गेले. मग तासभर हात धूत बसले.

त्यानंतरच्या सकाळी साहेबाने पायरीवर पावाचा लगदा ओकला. न चावलेला, बोटांनी दाबून गोळा केलेला पाव. त्या गोळ्याच्या पोटात काहीतरी गुलाबी होतं.

काका खाली वाकले. मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत, सोफ्यातले खिळे काढायच्या चिमट्याने त्यांनी ते गुलाबी उचललं आणि नळाखाली धरलं. त्या दोन मिनिटांत त्यांना तीनदा उमासे आले. पण धुतल्यावर ती वस्तू स्पष्ट दिसली. मधोमध रेघ असलेली, कडा विरघळलेली गोळी. सासूबाईंच्या गुडघ्यांची गोळी. काकू रोज जेवणानंतर आईच्या तळहातावर ठेवायच्या, तीच.

पडली असेल खाली, या हावरटाने गिळली असेल, असं त्यांना आधी वाटलं. पण पडलेली गोळी पावात कशी जाईल?

त्या दिवशी दुपारी काकू सुट्टीमुळे घरी होत्या. तिघं जेवायला बसली, आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या ताटाकडे बघितलं. बघितलं म्हणजे काय, पोटावर दगड ठेवून बघितलं. सासूबाई घास करत होत्या, तोंडापर्यंत नेत होत्या, आणि तो घास तोंडाशी जाऊन परत खाली येत होता. हात टेबलाखाली जायचा, रिकामा वर यायचा. टेबलाखालून लपलप आवाज. उकडलेला बटाटा गेला, अंडं गेलं, लोणी लावलेला पाव गेला. म्हातारीच्या तोंडात एक कण गेला नाही. शेवटी काकूंनी गोळी दिली. सासूबाईंनी ती तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या, आणि लेक भांडी घेऊन वळल्याबरोबर रुमाल तोंडाला लावला. मग पावाचा एक तुकडा, आणि परत टेबलाखाली हात.

लेकीसमोर म्हातारीची अब्रू काढावी, असं काकांना वाटेना. त्यांनी नुसतं सासूबाईंच्या मनगटाकडे बघितलं. बांगडी कोपराकडे घसरत होती. आल्या तेव्हा ती घट्ट होती. सोफ्यातलं झुरळ ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याला हे इतके दिवस दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब गवतापर्यंत गेला, एक पातं तोंडात धरलं, आणि तसाच बसला. उठेना. तोंडातलं पातं गळून पडलं. हिरड्या पांढऱ्याफटक. काकूंना कामावर जाऊन तास झाला होता. काकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, एक मोठा श्वास तोंडाने घेतला आणि कुत्रा उचलला. उचलल्याबरोबर ती लाळेची तार त्यांच्या शर्टावर, मग मानेवर, मग कानात. रिक्षात बसेपर्यंत त्यांच्या अंगावर नखशिखांत काटा आला होता. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "सीटवर काही होणार नाही ना?"

"झालं तर बदलून देईन," काका म्हणाले. "माझा तोच धंदा आहे."

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी साहेबाचं पोट दाबलं तसा तो कण्हला. काकांनी रुमालात बांधून आणलेली गोळी टेबलावर ठेवली.

"ही किती दिवस जातेय याच्या पोटात?"

"रोज जात असावी."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, ही माणसांची दुखण्यावरची गोळी. माणसाचंसुद्धा पोट जाळते, कुत्र्याला तर विषच. आतून जखमा झाल्या असणार."

"आणि ते गवत?"

"गवत बरीच कुत्री खातात, त्यात वावगं काही नाही. कुणी आवडीनेसुद्धा खातं. पण असं हपापून खात असेल, रोज ओकत असेल, मलूल पडत असेल, तर समजायचं की त्याला मळमळतंय आणि त्याला दुसरा इलाज माहीत नाही. मला सांगा, कशा कशा उलट्या झाल्या? आठवतं का काही?"

आठवतं का! एवढे दिवस जे ऐकून घ्यायला घरात कुणी तयार नव्हतं, ते विचारणारं माणूस अखेर भेटलं. काकांनी पहिल्या हिरव्यापासून सगळं सांगितलं. फेस, तवंग, पाव, धागे. डॉक्टरीणबाई मान हलवत लिहून घेत होत्या. काका चॉकलेटी उलटीवर आले, तशी त्यांची मान वर झाली.

"चहाच्या चोथ्यासारखी? नक्की?"

"मी पुसलीय ती."

"म्हणजे पोटात रक्त वाहतंय. हे साधं नाही. याला इथेच ठेवा, सलाईन लावते. तुम्ही बघितलंत ते बरं केलंत."

घरी परतताना काकांचं डोकं तापलं होतं. आता सासूबाईंना चांगलं सुनवायचं, असं त्यांनी ठरवलं. जिना चढून ते सरळ त्यांच्या खोलीत गेले. सासूबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"साहेब कुठे आहे?"

"दवाखान्यात. आई, ती गोळी त्याला का देत होतात?"

सासूबाईंनी एकदम दाराकडे बघितलं. लेक नाही हे बघून त्यांचे खांदे खाली आले. "त्याचेही गुडघे दुखतात हो, जावईबापू. बसता उठता विव्हळतो. म्हटलं, मला सोसत नाही, तर वाया कशाला घालवायची? त्याला तरी लागू पडेल."

"त्याच्या पोटात जखमा झाल्यात त्याने."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मीच म्हातारी झालेय म्हणून माझं जळतंय."

"जळतंय? मग सांगायचं नाही का? जेवतही नाही तुम्ही. मी बघितलं काल."

"काही पोटात ठरत नाही. अन्न बघितलं की मळमळतं."

"मग सांगायचं कुणाला तरी!"

"कुणाला? तुम्हाला?"

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. साधं विचारावं तसं विचारलं, आणि म्हणून ते काकांना जास्त लागलं.

"लेक दिवसभर बाहेर. घरात तुम्ही. तुम्हाला तर कुत्र्याची लाळसुद्धा बघवत नाही. मी एक पिशवी ठेवली होती पलंगाखाली. तुम्ही खाली दुकानात गेलात की जाऊन ओतून यायची. वास राहायचा, पण तुम्ही साहेबालाच बोलायचात. म्हटलं, चला, त्याच्या नावावर खपतंय."

काका उभे होते ते खुर्चीवर बसले. "आणि बाथरूमच्या दाराशी... ती चॉकलेटी..."

सासूबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "पोचता आलं नाही मला वेळेवर. गुडघे. साहेबाची नव्हती ती."

हे घर सोडून जा कुठेतरी आणि मर. हे शब्द काकांना जसेच्या तसे ऐकू आले, त्यांच्याच आवाजात, अर्धवट लोटलेल्या दारातून आत जाताना. इतकी वर्षं लोकांची घाण बघून त्यांना शिसारी आली होती, पण ती बाहेरच्या घाणीची. आता स्वतःचीच आलेली शिसारी जागची हलेना, आणि ती धुवायला साबण नव्हता.

पण शिसारी कवटाळून बसायला वेळ नव्हता. डॉक्टरीणबाईंचं रक्ताबद्दलचं वाक्य त्यांच्या डोक्यात एकदम जागं झालं. "आई, उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय."

"जिना..."

"मी धरतो."

धरून काही जमेना, तेव्हा त्यांनी किल्लीवाल्याला हाक मारली. दोघांनी मिळून म्हातारीला खुर्चीसकट खाली आणलं. किल्लीवाल्याने त्या दिवशी एकही विनोद केला नाही. रिक्षा सुरू होऊन कोपरा वळते न वळते, तोच सासूबाईंनी काकांचा दंड घट्ट धरला. त्यांची मान पुढे आली, पाठीचा बाक झाला. काकांनी ती पाठ ओळखली. फडकं नव्हतं, बादली नव्हती, मोजे दुकानात राहिले होते. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पुढे धरली.

ते गरम होतं. ते त्यांच्या बोटांच्या भेगांत शिरलं आणि मनगटावरून बाहीत गेलं. वासाने त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. सगळं अंग म्हणत होतं, हात झटक, झटक ते! त्यांनी हात झटकले नाहीत. दात आवळून ते एवढंच म्हणाले, "येऊ द्या, आई. अडवू नका." सासूबाई रडायला लागल्या. "शी, शी," असं त्या स्वतःच म्हणत होत्या. "तुमच्या हातावर..."

"धुता येतात हात," काका म्हणाले.

दवाखान्यात त्यांना आत नेल्यावर काका हात धुवायला नळावर गेले, आणि हात धुण्याआधी तिथेच भडाभडा ओकले. सकाळचा चहा, पाव, सगळं. शेजारी चूळ भरणारा माणूस बाजूला सरकून म्हणाला, "शी!" काकांना त्याच्याबद्दल काहीही वाटलं नाही. त्यांनी बेसिन स्वच्छ धुतलं, कारण ते तसं सोडून जाणं शक्यच नव्हतं.

सासूबाईंच्या पोटात नळी घालून बघितलं तर मोठी जखम निघाली. आणखी थोडे दिवस असंच गेलं असतं तर हाताबाहेर गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. गुडघ्यांची गोळी बंद झाली, पोटाची औषधं सुरू झाली, रक्त चढवावं लागलं. काकू कामावरून धावत आल्या. त्या आधी आईवर चिडल्या, मग आईच्या गळ्यात पडून रडल्या, आणि मग नवऱ्याकडे वळल्या. त्यांनी काही बोलण्याआधीच काकांनी आपल्या तोंडाने सगळं सांगितलं. चॉकलेटी उलटी, आपण काय बोललो ते, सगळं. काकू दोन दिवस त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. काकांनी ते मुकाट्याने सोसलं.

साहेब आधी घरी आला. हाडं मोजावीत इतका वाळलेला, पायाला सुई टोचलेल्या जागी केस भादरलेले. डॉक्टरीणबाईंनी त्याला त्याच्याच वयाला झेपेल असं गुडघ्याचं औषध दिलं होतं. त्याचं खाणं वेगळं शिजायला लागलं. गवत तो अजूनही खायचा, पण चवीपुरतं. दोन पाती चावली की पुढे चालू लागायचा. काकांना अजूनही ते बघवत नसे. भिंतीवर काय काय असतं ते त्यांना माहीतच होतं. लाळेची तार तशीच होती, आणि ती बघून अंगावर काटा येणंही तसंच होतं. माणूस एका ओंजळीने बदलतो, असं कुणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. एवढं मात्र झालं, की तोंड चालवायच्या आधी काका दार कुठलं उघडं आहे ते बघायला लागले.

मग सासूबाई आल्या. दुपारचं त्यांना भरवायचं काम काकांवर आलं, कारण काकूंची रजा संपली होती. पातळ सूप, मऊ भात, उकडलेली भाजी. काका समोर बसायचे आणि घास तोंडात जातो का, गिळला जातो का, हे डोळे उघडे ठेवून बघायचे. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी असे काही भाव असायचे, की सासूबाईंना हसू यायचं.

"एवढं वाईट जेवते का हो मी?"

"माझ्याकडे नका बघू. जेवा."

"तुम्ही डोळे मिटा की."

"मिटले तर तुम्ही टेबलाखाली सरकवाल."

साहेब आशेने टेबलाखाली बसायचाच. पण त्याला आता काही मिळत नसे.

एके दुपारी परगावच्या मुलाचा फोन आला. आईचं आजारपण त्याला उशिरा कळलं होतं, आणि त्याच्या मनाला ते लागलं असावं. काका सूप गरम करत होते. सासूबाईंना फोनवर कमी ऐकू येत असल्यामुळे त्या ओरडून बोलायच्या. त्यामुळे दोन्ही खोल्यांना सगळं कळायचं.

"नको रे, तुझे गालिचे राहू देत," त्या म्हणत होत्या. "तुझं घर चांगलंय, सून चांगलीय, सगळं चांगलंय. तिथे मला कुणी वाईट बोलणार नाही, ठाऊक आहे मला. पण तिथे माझ्याकडे बघणारं कोण आहे? इथे हा बघतो. तोंड वाकडं करून बघतो, पण बघतो."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं.

"नाही, वाईट काय वाटायचंय? तो मनाचा साधाच आहे. फक्त त्याला सूप करता येत नाही. नुसतं गरम पाणी असतं. मी आयुष्यभर पाचशे माणसांचं सूप केलं, आणि आता हे पिते. मीठ म्हणून घालत नाही हा माणूस."

काका भांडं हातात घेऊन दारात उभे होते. "डॉक्टरांनी बेतानं घालायला सांगितलंय," ते म्हणाले.

"ऐकलंस का?" सासूबाई फोनवर ओरडल्या. "लगेच बोलतोय. ठेव आता, माझं गार होईल." त्यांनी फोन बाजूला ठेवला, वाटी ओढून घेतली आणि पहिला घोट घेतला. तोंड वाकडं केलं. मग दुसरा घेतला.